एका वेळी एकच बदल

माझ्या मोठ्या आत्याने आयुष्यात कुठलीही गोष्ट नुसती ऐकून खरी मानलेली नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हे तिला मान्य आहे, पण तेही रोज पहाटे गच्चीवर जाऊन, डोळ्यांवर हात धरून, स्वतः खात्री केल्यानंतर. लग्नपत्रिकेत मुहूर्त बारा पस्तीसचा छापलेला असला, तर शेवटची अक्षता खरोखर किती वाजता पडली ते ती आपल्या घड्याळात बघून ठेवते, आणि आमच्या घराण्यातल्या सगळ्या लग्नांचे हे आकडे तिच्याकडे आहेत. (एकही लग्न वेळेवर लागलेलं नाही. हे ऐकायला वधूपित्यांना आवडत नाही.) तिच्याशी बोलताना ‘खूप’, ‘नेहमी’, ‘सारखं’ असे शब्द वापरायची सोय नाही. ‘हल्ली सारखं डोकं दुखतं’ असं आई एकदा सहज म्हणाली, तर आत्याने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि विचारलं, “सारखं म्हणजे? आठ दिवसांत कितीदा?” आईला सांगता येईना. “मंग दुखून न्हाई राह्यलं,” असा निकाल देऊन आत्याने जुडी पुन्हा हातात घेतली. आईचं म्हणणं असं, की त्या दिवसापासून तिचं डोकं खरोखरच सारखं दुखतं.

आत्या तीर्थपुरीच्या शाळेतून दहावी झाली आणि जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत दाणे निवडायला लागली. सूप घेऊन बसलेल्या बायकांच्या रांगेत, रोजंदारीवर. तिथल्या साहेबांच्या लक्षात आलं की बाकीच्या बायका खराब झालेले दाणे बाजूला काढतात आणि ही बाई पुढे खराब होणारे दाणेही काढते. त्यांनी तिला उचलून प्रयोगशाळेत नेलं, आणि तिथून ती तीस वर्षांनी निवृत्त होऊनच बाहेर पडली. तिचं काम होतं बियाणं उगवतं की नाही ते बघायचं. ओल्या कागदावर दहा-दहाच्या रांगांत शंभर दाणे मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची, ती उबेला उभी करून ठेवायची, आणि सोयाबीन असेल तर आठव्या दिवशी उलगडून किती उगवले ते मोजायचं. शंभरातले सत्तर उगवले तर पेरायच्या लायकीचं. हे काम इतकं सोपं आहे की कोणालाही करता येईल, आणि इतकं कंटाळवाणं आहे की तीस वर्षं ते फक्त माझ्या आत्यालाच करता आलं.

तिच्या लांबट वहीत प्रत्येक चाचणीपुढे चार रकाने असत: चांगला, वाकडा, कुजका आणि टणक. निवृत्तीनंतर दाणे कमी झाले आणि रकाने रिकामे राहू लागले, तेव्हा आत्याने त्यांत माणसं बसवायला सुरुवात केली. माझ्या चुलतबहिणीचा नवरा पहिल्यांदा घरी आला, तासभर आपल्या प्लॉटबद्दल बोलला, आणि तो जिना उतरत असतानाच आत्याने सगळ्यांना सांगितलं, “वाकडा हाय, पण जगंल.” तो जगला, प्लॉटही विकला गेला, आणि अजूनही तो तासभरच बोलतो. कुजका हा शेरा ती फार जपून देते. आजवर दोघांनाच मिळाला आहे आणि त्यातले एक आमच्याच नात्यातले असल्यामुळे इथे लिहिता येत नाही. मला तिने टणक ठरवलं होतं. मी दहावीत असताना घरी पाहुणे आले की स्वयंपाकघरातच बसून राहायची. “जरा लाजाळू आहे ती,” असं आई पाहुण्यांना सांगायची. “लाजाळू न्हाई,” आत्या म्हणाली, “टणक हाय.” मला फार राग आला. दगडालाही टणक म्हणतात एवढंच तेव्हा मला ठाऊक होतं. पुढे कधीतरी तिनेच एक न फुगलेला दाणा चिमट्यात धरून दाखवला. “हा मेलेला न्हाई. ह्यानं पाणीच पिलं न्हाई अजून. ह्याला मेल्यात धरायचं नसतं, थांबायचं असतं.”

पण तिच्या सगळ्या नियमांचा राजा म्हणजे ‘एका वेळी एकच बदल’. वरण बिघडलं तर मीठ आणि तिखट ती एकदम कधीच घालत नाही. आधी मीठ घालते, चव बघते, वहीत लिहीत नाही हेच उपकार, मग तिखट. तोवर पंगतीतली माणसं पोळी हातात धरून बसलेली असतात. “दोन बदल एकदम केले की कोणाच्या गुणानं बरं झालं ते कळत न्हाई. मंग जन्मभर दोघांचे पाय धरीत बसा.” कंपनीतून निवृत्त होताना कोणीतरी तिला केस वाढवणारं तेल भेट दिलं, तर तिने ते महिनाभर डोक्याच्या फक्त डाव्या बाजूला लावलं. उजवी बाजू साधी, तुलनेसाठी. त्या महिन्यात आम्ही तिच्याबरोबर दोन बारशांना गेलो. डावी बाजू चपचपीत, उजवी भुरभुरीत, आणि मधे सरळ भांग! बाबा म्हणाले, “अक्का, लोक बघून राह्यलेत.” आत्या म्हणाली, “बघू दे. त्यांनाबी कळंल तेलात काही न्हाई.”

मी मात्र लोकांनी बघू नये अशाच बेताने जगणारी. माझ्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं तर शिक्षा होती आणि घरी इंग्रजी बोललं तर हशा, त्यामुळे मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. मराठी आकडे तर मला आजही घाम फोडतात. आत्या म्हणायची, “लिही, एकोणऐंशी,” आणि मी एकोणसत्तर लिहायची. बी. ए. झाल्यावर बाबांनी त्यांच्या ओळखीच्या एका क्लासमध्ये शब्द टाकून ठेवला होता. साठ मुलांच्या वर्गापुढे उभं राहून, हातात माईक घेऊन, त्यांना फाडफाड इंग्रजी बोलायला शिकवायचं. माझं इंग्रजी चांगलं आहे, पण त्यातलं फाडफाड बोललेलं कोणीही कधी ऐकलेलं नव्हतं. नुसत्या माईकच्या कल्पनेने मला जेवण जाईना. तेवढ्यात मला एका कंपनीचं घरी बसून करायचं काम सापडलं. इंग्रजी प्रश्न आणि त्यांची मराठी उत्तरं कॉम्प्युटरवर समोर येणार, आणि उत्तरं बरोबर आहेत का ते मी बघायचं. फोन नाही, भेट नाही, कोणाशी एक शब्द बोलायचा नाही. कोणीतरी मला नजरेसमोर ठेवूनच हे काम काढलं असावं. त्याआधी एक चाचणी होती: दोन-दोन तासांच्या पाच बैठका, प्रत्येक बैठक सलग. बाबा म्हणाले, “हे जमलं तर ठीक. न्हाई तर एक तारखेपासून क्लास.”

चाचणी सोमवारी सुरू होणार होती आणि आत्या शनिवारी तीर्थपुरीहून आली. डिसेंबरचे थंडीचे दिवस होते. तिच्याबरोबर एक पिशवी सोयाबीन होतं, अंतरवालीच्या भाऊकाकांचं. भाऊकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. त्यांना उन्हाळी सोयाबीन पेरायचं होतं, आणि आत्याने आकडा सांगितल्याशिवाय आमच्या भावकीत कोणी मूठभर बी जमिनीत टाकत नाही. गुंडाळ्यांना ऊब लागते. पूर्वी आत्या त्या आमच्या जुन्या फ्रिजवर ठेवायची, पण नवा फ्रिज वरून थंडगार. मग ती काचेचा तापमापक घेऊन घरभर हिंडली, देव्हाऱ्यातसुद्धा हात घालून आली, आणि शेवटी हॉलमधल्या कॉम्प्युटरच्या टेबलामागे, भिंतीलगतच्या फटीत थांबली. टेबलाखालच्या कप्प्यात सीपीयू असतो आणि त्याच्या पाठीतून गरम हवा येते. “इथं बराबर ऊब हाय. हे कायम चालू असतं का ग?” तिने विचारलं. मी मान हलवली. माझी मान पटकन हलते, तोंडाला वेळ लागतो; रात्री तो बंद असतो हे सांगायचं राहूनच गेलं. आत्याने गुंडाळ्या पत्र्याच्या डब्यात उभ्या केल्या, डब्याला ओला पंचा आणि वर गोणपाट गुंडाळलं, आणि तो डबा सीपीयूच्या पाठीला नीट टेकवून बसवला.

सोमवारी अकरा वाजता मी पहिल्या बैठकीला बसले आणि अर्ध्या तासाच्या आत कॉम्प्युटर अडकला. पडद्यावरचा बाण जागच्या जागी थांबला, कोपऱ्यातलं घड्याळ थांबलं. टेबलाखालून पंख्याचा आवाज मात्र वाढतच गेला, दळण संपल्यावर रिकाम्या फिरणाऱ्या गिरणीसारखा. बटण दाबून बंद करण्यावाचून इलाज नव्हता. मंगळवारी पुन्हा तेच. पत्ते खेळताना किंवा नुसतं टंकताना तो अडकत नसे, इंटरनेट उघडलं आणि चार-पाच पानं चालू केली की अडके. इलाज शोधायला इंटरनेट उघडावं, तर इलाज सापडायच्या आत अडके. शेवटी मी तो शोध मोबाइलवर केला. संध्याकाळी कंपनीचं पत्र आलं. दोन बैठकांत खंड पडला आहे, आणखी एकदा पडला तर चाचणी संपली असं समजावं, उरलेल्या तीन बैठका पुढच्या बुधवारपर्यंत पूर्ण कराव्यात.

घरात प्रत्येकाकडे कारण तयार होतं. आमचं घर जुन्या जालन्यातल्या गल्लीत, एका धान्याच्या ठोक दुकानावर आहे, आणि खाली धान्य साफ करायची मोटर चालते. बाबांच्या मते व्होल्टेज. आईच्या मते दृष्ट, कारण नोकरीचं मी चार ठिकाणी सांगितलं. (मी कुठेच सांगितलं नव्हतं, तिनेच सांगितलं होतं.) मला वाटत होतं, त्या कंपनीची साइटच जड असणार, कारण त्याआधी तो कधी असा अडकला नव्हता. बुधवारी बाबांनी दुरुस्तीवाला बोलावला. त्याने सीपीयू ओढून हॉलच्या मधोमध काढला, फुंकर मारणाऱ्या यंत्राने धूळ उडवली आणि तिथेच तासभर चालवून दाखवला. एकदाही अडकला नाही. “साफ केला म्हणून चालून राह्यला काकू, पण मदरबोर्ड गेल्यात जमा हाय. नवीनच घ्या.”

“किती पानं उघडली तू?” आत्याने विचारलं.

“लई उघडली.”

“लई हा आकडा न्हाई. आन् तू धूळ काढली का जागा बदलली?”

“दोन्ही.”

“मंग कशानं चालला?”

तो सीपीयू पुन्हा कप्प्यात ढकलून, चहा न घेता निघून गेला. आणि पंचवीस मिनिटांत बाण पुन्हा थांबला. आत्या पडद्याजवळ गेली, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, “ह्याची तर दातखीळ बसली.” मग तिने पिशवीतून वही काढली.

कॉम्प्युटर म्हणजे काय हे आत्याला माहीत नव्हतं, आणि त्याचा तिला अजिबात कमीपणा वाटला नाही. “दाण्याच्या आत काय चालतं ते तरी मला कुठं दिसायचं?” ती माझ्यामागे स्टुलावर बसली. घड्याळ मांडीवर, तांबडी पेन्सिल कानावर. रकाने आखले: वेळ, किती पानं, कोणती पानं, दातखीळ किती मिनिटांनी. आधी दोन तास नुसता चालू ठेवायला लावला, काहीही न उघडता. “हा कोरा नमुना.” अडकला नाही. मग नुसतं टंकन. अडकला नाही. मग एक पान, दोन पानं, पाच पानं. पाच पानांना बावीस मिनिटं. गुरुवारी तिने बाबांना खाली पाठवून शेटजींची मोटर अर्धा तास बंद ठेवायला लावली. शेटजींनी ठेवली, कारण त्यांच्या हरभऱ्याला पास-नापास आत्याच करते. तरीही दातखीळ बसलीच. आत्याने लिहिलं, ‘व्होल्टेज निर्दोष’, आणि बाबांना ते मनाला लागलं. मी ब्राउझरला जोडलेल्या बारीकसारीक सोयी एकेक करून काढल्या, त्याही निर्दोष ठरल्या. कंपनीची साइट निर्दोष. दृष्ट काढून बघायलाही आत्याची ना नव्हती, फक्त त्या दिवशी दुसरं काही करायचं नाही अशी तिची अट होती.

एक गोष्ट मात्र तिच्या वहीत नव्हती, कारण ती फक्त मला माहीत होती. दुरुस्तीवाल्याने सीपीयू बाहेर ओढला तेव्हा वायरी गोळा करायला मी टेबलाखाली वाकले होते. सीपीयूच्या पाठीची जाळी हाताला चटका बसावा इतकी तापली होती, आणि तिच्यासमोर गोणपाटात गुंडाळलेला आत्याचा डबा शांतपणे बसला होता. मोबाइलवर मी वाचलंच होतं की मागची हवा कोंडली तर कॉम्प्युटर तापतो आणि अडकतो. मला त्याच क्षणी कळलं. पण सांगणार कसं? आमच्या घरात मोठ्यांना तुमचं चुकलं असं कोणी सांगत नाही, आणि मी तर जेवताना मीठसुद्धा मागत नाही. शिवाय तिच्या त्या डब्यात भाऊकाकांची पेरणी होती. म्हणून मी माझ्या स्वभावाला शोभेल असा मार्ग काढला. कोणी नसताना डबा एक बोटभर मागे सरकवायचा. आत्या सकाळी सहाला तापमापक बघायला आली की तो पुन्हा टेकवून ठेवायची. मी पुन्हा एक बोट सरकवायची. असं चार दिवस चाललं. कॉम्प्युटर अडकायचा थांबला नाही, नुसता थोडा उशिरा अडकायला लागला. आणि मी रोज बुधवारकडे बघत होते आणि माईककडे.

शनिवारी संध्याकाळी आत्याने आम्हा तिघांना वहीसमोर बसवलं.

“अक्का, सोड ना आता,” बाबा म्हणाले. “जुना झालाय तो.”

“जुना झाला असता तर रोज जल्दी जल्दी अडकला असता. हे बघ. पाचच पानं, तीच पानं, आन् सकाळी बावीस मिनिटं, दुपारी एक्केचाळीस. परवाबी तसंच. मी एक बदल करून राह्यले आन् दुसरा कोणीतरी करून राह्यलंय, मला न सांगता.” तिने पेन्सिल कानावरून काढली. “दुसरा बदल कोणी केला?”

बाबांनी आईकडे पाहिलं.

“मी तर त्याला हातसुद्धा लावत नाही,” आई म्हणाली. “दसऱ्याला हळदीकुंकू वाहिलं तेवढंच.”

“दसऱ्याचं न्हाई विचारून राह्यले मी.”

मला वाटलं आत्या आता वही मिटेल, पण ती मिटेना. ती फक्त थांबली होती, आठव्या दिवसासाठी थांबावं तशी.

“मी,” मी म्हणाले. “मी डबा सरकवला. रोज. एक बोट.”

“कोणता डबा?”

“तुझा. सोयाबीनचा.”

“काहून?”

“त्याच्या पाठीतून गरम हवा बाहेर पडते आणि डबा टेकला की ती कोंडते. नुसतं टंकताना तो कमी तापतो, इंटरनेटवर पानं उघडली की जास्त तापतो, म्हणून तेव्हाच अडकतो. तू आलीस त्याच वेळी माझी चाचणी सुरू झाली, म्हणून आम्हाला सगळ्यांना वाटलं की साइटमुळे होतंय.”

एका दमात एवढं मराठी मी त्याआधी कधी बोलले नव्हते. बाबा कळवळून म्हणाले, “अगं, काय बोलतेस अक्काला...” आत्याने त्यांच्यापुढे हात आडवा धरला. “तू गप. ती बोलून राह्यली.” मग माझ्याकडे वळून, “कवापासून माहीत हाय?”

“बुधवारपासून.”

तिने बोटांवर दिवस मोजले. “मंग बुधवारी बोलली काहून न्हाईस?”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“वाटलं असतं. एक दिवस. आता चार दिवसांचं वाटून राह्यलं.” ती उठली. “पण मी ऐकून खरं धरत न्हाई. चल, लाव ते.”

डबा टेकवून पाच पानं, तेवीस मिनिटं, दातखीळ. आत्याने गोणपाटात हात घालून तापमापक काढला आणि खिडकीशी नेऊन वाचला. “एकोणचाळीस,” ती म्हणाली. चाळीसला एक कमी, मी मनात हिशेब केला. ती बराच वेळ ती काचेची नळी धरून उभी राहिली. प्रयोगशाळेत ऊब दिवसभर सारखी असे, म्हणून तिथे सकाळी एकदाच बघायची पद्धत होती. इथेही ती तीस वर्षांच्या सवयीने सकाळीच बघत होती, कॉम्प्युटर बंद असताना, आणि चोवीस-पंचवीस बराबर आहे म्हणून खूश होत होती. डबा काढून पुन्हा पाच पानं उघडली. तास झाला, दीड तास झाला. अडकला नाही. रविवारी सकाळी हे सगळं तिने अजून दोनदा करायला लावलं, आणि तिसऱ्यांदाही तसंच झालं तेव्हा वहीत लिहिलं, ‘कॉम्प्युटर निर्दोष’.

त्याच रविवारी गुंडाळ्यांचा आठवा दिवस होता. भाऊकाका अंतरवालीहून मोटारसायकलवर आले, कानाला मफलर गुंडाळून. डब्यात डोकावले आणि खूश झाले. “अक्का, कोंब तर दणकून आलेत की! मोज जल्दी. रान भिजवून ठेवलंय, उद्याच पेरतो.”

“ह्या गुंडाळ्या मोजायच्या न्हाईत,” आत्या म्हणाली.

“म्हणजे?”

“कॉम्प्युटर चालू असताना एकोणचाळीसवर गेल्यात, सकाळी चोवीसवर. मधे चार दिवस डबा मागं-पुढं झालाय. उगवलेला कशानं उगवला आन् मेलेला कशानं मेला, मला सांगता येत न्हाई. चुकी माझी हाय. आजून आठ दिवस थांब.”

“आठ दिवस? अक्का, रान वाळून जाईन! कोणाला कळून राह्यलंय? ऐंशी म्हण, पंच्याऐंशी म्हण, एक आकडा सांगून टाक.”

“मला कळून राह्यलंय,” आत्या म्हणाली.

तिने वही उघडली आणि त्या चाचणीवर तांबड्या पेन्सिलीने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. तीस वर्षांत तिने एकही चाचणी रद्द केली नव्हती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, कारण दर दिवाळीला ती ते सांगायची. खाली लिहिलं: ‘रद्द. कारण: तपासणारीची चूक.’ सही केली. मग जरा थांबून आणखी एक ओळ लिहिली, ‘चूक दाखवणारी’, आणि पुढे माझं पूर्ण नाव, आडनावासकट. इंग्रजी शाळेची सगळी प्रमाणपत्रं आईने फाइलमध्ये जपून ठेवली आहेत; त्यातल्या एकाचंही मला कधी इतकं अप्रूप वाटलं नाही.

“वा!” भाऊकाका मफलर आवळत म्हणाले. “तीस वर्षं कंपनीत काढली, आन् शेवटी भाचीनं पकडली.”

“पकडली,” आत्या म्हणाली. “दुसऱ्या कोणाची भाची न्हाई पकडत.”

भाऊकाका चहा पिऊन फुरंगटून गेले. पण जाताना दाराशी थांबून त्यांनी खिशातून आणखी एक पुडी काढून आत्याच्या हातावर ठेवली. “हे बायकोच्या माहेरचं हाय. ह्याचंबी बघ.” ती पुडी बघून माझ्या मनात आलं, चुकलेल्या माणसावर कोणी इतका भरवसा टाकलेला मी कधी पाहिला नव्हता. त्या दुपारी स्वयंपाकघरात आत्या बाबांना म्हणत होती, “तुझी पोरगी पाणी पिली रे.” बाबा म्हणाले, “पाणी? आता? कधी?”

सोमवार, मंगळवार, बुधवार अशा माझ्या तीन बैठका झाल्या. तिन्ही वेळा आत्या टेबलाशेजारी जमिनीवर बसली होती, एक हात सीपीयूच्या पाठीमागे धरून, गरम हवा नीट बाहेर पडते आहे ना ते बघत. कॉम्प्युटर एकदाही अडकला नाही. काम मिळाल्याचं पत्र आलं तेव्हा मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. क्लासवाल्यांना नको म्हणून सांगायचा फोन मात्र आत्याने मलाच करायला लावला. नव्या गुंडाळ्या तिने स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवल्या आणि तापमापक दिवसातून तीनदा बघितला. भाऊकाकांनी रान पुन्हा भिजवलं, कुरकुरत का होईना, आणि आकडा ऐकल्यावरच पेरलं. माझ्या कामात माझ्याकडून चूक होते तेव्हा मीही आता ती स्वतःच लिहून कळवते, इंग्रजीत, पण वाक्य आत्याचं असतं. कंपनीतल्या माझ्या वरिष्ठ बाईंनी एकदा उलट विचारलं, हे असं लिहायला कुठे शिकलात? मी त्यांना फोन करून सांगितलं. वीस मिनिटं सांगत होते.

या गोष्टीला आता दोन हिवाळे झाले. आत्याच्या डोळ्यांचा पडदा कमजोर झाला आहे. डॉक्टर म्हणाले, थोडं कमी दिसेल. तिने विचारलं, “थोडं म्हणजे शंभरात किती?” त्यांना सांगता आलं नाही. ती आता तीर्थपुरीलाच मुलाकडे असते, आणि मागच्या खेपेला येऊन तिचा चिमटा मला देऊन गेली. भावकीतल्या पिशव्या आता आमच्याकडे येतात. मी गुंडाळ्या करते, फळीवर ठेवते, आणि आठव्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉल लावून त्याच कॉम्प्युटरसमोर त्या उलगडते. तिकडे तिची सून मोबाइल डब्याला टेकवून उभा करते आणि आत्या समोर येऊन बसते. तिला दाणे दिसत नाहीत. मी एकेक दाणा चिमट्याने उचलून मोठ्याने मोजते, मराठीतच, आणि एकोणसाठला, एकोणसत्तरला अजूनही जरा अडखळते. आत्या मान खाली घालून ऐकते. हलत नाही, बोलत नाही. कधीकधी इतकी स्थिर बसते की माझा हात तसाच थांबतो. मला वाटतं कॉम्प्युटर पुन्हा अडकला. मी माऊस हलवून बघते. बाण हलतो. कोपऱ्यातलं घड्याळ चालू असतं. टेबलामागे हात घालून बघते, गरम हवा येत असते.

“आत्या?”

मी पडद्याजवळ सरकते.

“आत्या?”

“मोज की,” ती मान वर न करता म्हणते. “बहात्तरवर थांबली तू. मी हाय.”